यस्लमने वाजवलेलं लग्न

यस्लम माझ्या धाकट्या काकांचा मुलगा, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. काका तिदिनीत वाजवायचे, चार तारांचं आमचं जुनं वाद्य, आणि आजोबाही तेच. यस्लमने सोळाव्या वर्षी कुणाकडून तरी गिटार मिळवली, आमचे सूर तिच्यात बसावेत म्हणून तिच्या पट्टीवर आणखी पडदे ठोकले, आणि काकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. दोन महिन्यांनी काकांनीच त्याला एका लग्नाला सोबत नेलं. गिटारचा आवाज तंबूतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचतो, तिदिनीतचा पोचत नाही, हे त्यांनाही दिसत होतं.

मी नेब्गूहा. मी तबल वाजवते, आमच्याकडे बायका हाताने वाजवतात तो मोठा नगारा. पंचवीस वर्षं यस्लमच्या उजव्या बाजूला बसून वाजवतेय. आमच्या शहरात, नुआक्शोतमध्ये, आम्ही किती लग्नं वाजवली, किती बारशी, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

गिटारवाले शहरात बरेच आहेत. यस्लमला लोक ओळखायचे ते त्याच्या ॲम्पमुळे. व्हॉल्व्हवाला, म्हणजे जुन्या रेडिओसारखा काचेच्या नळ्यांवर चालणारा ॲम्प, लोखंडी ट्रंकेएवढा, दोघांनी उचलायचा. आमच्या शहराच्या एका बाजूला वाळवंट आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. वाळू आत शिरते आणि खारी हवा पितळेवर हिरवट थर चढवते. दुसऱ्यांचे ॲम्प दोन-तीन वर्षांत खरखरायला लागतात. यस्लम दर रविवारी सकाळी स्वतःचा ॲम्प उघडायचा. आधी लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने आतली साठलेली वीज काढून टाकायची, कारण बंद ॲम्पसुद्धा झटका देतो. एकदा त्याचा हात दोन दिवस बधिर होता. मग रंगाऱ्याच्या मऊ ब्रशने वाळू झाडायची, व्हॉल्व्हच्या पिना स्पिरिटने पुसायच्या, सैल झालेला सांधा पुन्हा डाखायचा. वीज कमीजास्त होते म्हणून त्याने स्वतःचा स्टॅबिलायझर बाळगला होता. त्याची बायको उम्मू आल्यागेल्याला सांगायची, "मुलांना एवढ्या आंघोळी घातल्या असत्या तर मी पण सुखी झाले असते."

व्हॉल्व्ह आणि फ्यूज यायचे लास पाल्मासहून, समुद्रापलीकडच्या स्पॅनिश बेटांवरून. आणायचा देद्दी.

देद्दी हे घरातलं हाकेचं नाव. तो सुकेनाचा नवरा, आणि सुकेना यस्लमची एकुलती एक बहीण. बाजारात तिचं मलहफांचं, म्हणजे बायका अंगभर गुंडाळतात त्या लांब वस्त्रांचं, दुकान आहे, कापड ती स्वतः रंगवते. देद्दी जुन्या गाड्यांचे सुटे भाग बेटांवरून आणून विकायचा. दोन महिन्यांतले तीन आठवडे तरी बाहेर. आला की मुलांना चॉकलेटं, सुकेनाला अत्तर, आणि यस्लमला वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले व्हॉल्व्ह. "घे बाबा, तुझी औषधं," असं म्हणून हसायचा. त्याचं हसणं वेगळं होतं, श्वास आत ओढत हसायचा. लांबूनही कळायचं की देद्दी आलाय.

सुकेनाच्या लग्नाच्या करारात अट घातलेली होती: आधीची बायको नाही, नंतरचीही नाही, दुसरी केली तर सुकेनाची मोकळीक सुकेनाच्या हातात. आमच्याकडे बहुतेक मुली ही अट घालतात. त्या कागदावर साक्षीदार म्हणून यस्लमची सही आहे.

त्या वर्षी जानेवारीत उत्तरेकडच्या बंदरातून, नुआदिबूहून, जैनबूचा फोन आला. जैनबू तिकडची गाणारी. तिच्या गिटारवाल्याचा हात मोडला होता आणि दोन दिवसांवर लग्न आलं होतं. मुलीकडचे लोक चांगले होते, दुपारचा कार्यक्रम होता, सूर्यास्ताला संपणार होता. यस्लमने मला विचारलं, मी हो म्हटलं. सुकेनाचा निरोप घ्यायला गेलो तर ती म्हणाली, "देद्दी परवाच बेटांवर गेलाय, नाहीतर त्याच्याच गाडीतून गेला असता."

सकाळी निघालो, ॲम्प दोन घोंगड्यांत गुंडाळून मागच्या सीटवर. मी पुढे. वाटेत प्रत्येक चौकीवर पोलीस मागे वाकून विचारायचा, "हा कोण आजारी?" आणि यस्लम न हसता सांगायचा, "आमचे काका. बोलत नाहीत."

रात्री जैनबूकडे उतरलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लग्नघरी गेलो. अंगणात तंबू घातला होता. यस्लम ॲम्प मांडायला लागला आणि मी आत बायकांत गेले. सल्का, म्हणजे नवरी, मेंदीचे हात प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून बसली होती. तिशीची असेल. प्राथमिक शाळेत शिकवायची. एकदा घटस्फोट झालेला. तिने माझे तळवे पाहिले आणि तिथल्या एका मुलीला म्हणाली, "मावशींच्या हाताला तेल दे. या हातांवर माझं लग्न उभं राहायचंय."

मी विचारलं, "नवरा कसा आहे?"

"हसरा आहे. दोन महिन्यांतून एकदा येईल म्हणतो, व्यापार आहे त्याचा."

"चालेल तुला?"

"पहिला रोज घरी असायचा, मावशी. त्याचं काय झालं ते या सगळ्यांना विचारा." सगळ्या बायका हसल्या, मीही हसले.

तिने माझ्याकडे एक गोष्ट मागितली. तिचे वडील गेलेले, त्यांना एक जुनी चाल आवडायची, ती आधी वाजवायची. मी बाहेर येऊन यस्लमला सांगितलं. त्याने मान हलवली. त्याचं लक्ष विजेकडे होतं. नुआदिबूची वीज त्या दिवशी सारखी उसळत होती आणि स्टॅबिलायझरचा काटा जागेवर राहत नव्हता.

तेवढ्यात नवऱ्याच्या नावाची चिठ्ठी जैनबूच्या हातात आली, कारण गाण्यात त्याच्या कुळाची स्तुती करावी लागते. मोहम्मद, अहमदचा मुलगा. आमच्यात दर दुसरा पुरुष मोहम्मद आणि दर तिसऱ्याचा बाप अहमद. त्या चिठ्ठीकडे आम्हा दोघांपैकी कुणीही पाहिलं नाही.

तिसऱ्या प्रहरच्या, असरच्या नमाजानंतर गाणं सुरू झालं. सल्काच्या वडिलांची चाल वाजली, मग चढतं गाणं. सल्काला बाहेर आणून बसवलं, रिवाजाप्रमाणे डोक्यापासून पायापर्यंत काळ्या मलहफात. मग नवऱ्याकडचे आले. नवराही काळ्या फेट्यात, फक्त डोळे उघडे. मित्रांच्या गराड्यात तो तिच्या शेजारी जाऊन बसला. आम्ही जैनबूच्या मागे होतो आणि मधे नाचणारे लोक. त्याला आम्ही दिसलो नाही, आम्हाला तो दिसला तो एक फेटा म्हणून.

पाऊण तास झाला असेल. वीज एकदम उसळली, दिवे पांढरे झाले, ॲम्पमधून फटकन आवाज आला आणि गिटार मुकी झाली. यस्लम घाबरला नाही, फ्यूज गेला होता एवढंच. तो ॲम्पच्या मागे गुडघ्यांवर बसला. मी फोनचा उजेड धरला. जळलेला फ्यूज काढून त्याने कागदाच्या पुडीतून नवा तळहातावर घेतला. आवाज थांबल्यामुळे तंबूत लोकांची नुसती कुजबुज उरली होती.

त्या कुजबुजीत कुणीतरी म्हणालं, "काय झालं रे, यंत्रालाही लाज वाटली का?" आणि हसलं. श्वास आत ओढत.

यस्लमचा हात तिथेच थांबला.

मला आधी वाटलं, देद्दी बेटांवरून परस्पर इकडे पाहुणा म्हणून आलाय. खरंच तसं वाटलं. म्हटलं, बरं झालं, परत जाताना सोबत होईल. मग मी ॲम्पच्या वरून पाहिलं. नवऱ्याच्या हातात दुधाचा पेला होता, तो पिण्यासाठी त्याने फेटा हनुवटीखाली ओढला होता, आणि तो चेहरा माझ्या चांगला ओळखीचा होता. पंधरा वर्षं त्या चेहऱ्यासमोर मी भात-मासे खाल्ले आहेत.

"हा देद्दी आहे," मी म्हटलं.

"कळलं मला."

"यस्लम, नवरा..."

"कळलं म्हटलं ना. उजेड नीट धर."

मी फोन दोन्ही हातांनी धरला. जैनबूने मागे वळून विचारलं, "होतंय का? लोक उठायला लागतील."

मी त्याच्या कानाशी वाकले. "जळला म्हणून सांग. वीज वाईट आहे, कुणी तुला दोष देणार नाही. गुंडाळ आणि चल."

त्याने समोरच्या काळ्या मलहफाकडे पाहिलं. सल्का हलतही नव्हती. फक्त एक मेंदीचा हात बाहेर होता.

"आणि तिचं काय?" तो म्हणाला. "लग्नात वाद्य मुकं झालं, असं तिला जन्मभर ऐकवतील. तिने काय केलंय?"

त्याने फ्यूज बसवला, झाकण लावलं आणि बटण दाबलं. ॲम्प गुणगुणायला लागला.

"वाजव, नेब्गूहा."

मी वाजवलं. काय वाजवलं ते आज सांगता येणार नाही. हात वर जात होते, खाली येत होते. जैनबू आता देद्दीच्या बापजाद्यांची नावं एकेक करून घेत होती, आणि ती सगळी नावं मला पाठ होती, कारण सुकेनाच्या लग्नात तीच नावं आमच्या आत्याने गायली होती. यस्लम मान खाली घालून, स्वतःचा फेटा नाकावर ओढून वाजवत राहिला. एकही सूर चुकला नाही. तो चुकावा असं मला वाटत होतं.

सूर्य कलताना मित्रांनी नवऱ्याला उठवलं. वाजवणाऱ्याच्या कपाळाला नोट लावायचा रिवाज आहे. देद्दी नाचत नाचत आला, नोट पुढे केली आणि वाकला. यस्लमने मान वर केली.

देद्दीच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पुसायला विसरल्यासारखं. नोट हवेत राहिली.

"मुबारक," यस्लम म्हणाला. बोटं थांबली नव्हती.

देद्दीने नोट ॲम्पवर ठेवली, जागेवर जाऊन बसला आणि फेटा डोळ्यांपर्यंत ओढून घेतला.

कार्यक्रम संपला तरी आम्हाला लगेच निघता येईना. व्हॉल्व्ह तापलेले असताना ॲम्प हलवला तर ते तडकतात, अर्धा तास थांबावंच लागतं. आम्ही तंबूच्या मागच्या बाजूला गाडीपाशी उभे होतो. मासळीच्या कारखान्याचा वास येत होता. देद्दी एकटाच आला.

"घरी गेल्यावर बोलू," तो म्हणाला.

"कुठल्या घरी? ॲम्प बंद पडला तेव्हाच तुझं हसणं ओळखलं मी."

"सुकेनाला मी सांगणारच होतो. वेळ बघून."

"कागदावर काय लिहिलंय आठवतं? खाली माझी सही आहे."

"लिहितात रे सगळेच."

"आणि हिला? हिला सांगितलंस घरी बायको आहे, दोन मुलं आहेत?"

देद्दीने तंबूकडे पाहिलं. मग यस्लमच्या डोळ्यांत पाहत हळू आवाजात म्हणाला, "मला कशाला विचारतोस? तू पण वाजवलंस की. कळल्यावरसुद्धा तासभर वाजवलंस."

मला वाटत होतं यस्लम मारेल. त्याने ॲम्पचा एक कान धरला आणि मला म्हणाला, "उचल." अजून दहा मिनिटं व्हायची होती. आम्ही तो तापलेला ॲम्पच गाडीत घातला. एक व्हॉल्व्ह वाटेत तडकला, ते नंतर कळलं.

मी म्हटलं, "आत जाऊन सल्काला सांगते."

"नको. आधी सुकेना. तिच्याआधी दुसऱ्या कुणाला कळायला नको."

त्याचं मला पटलं. तेव्हा पटलं.

पहाटे निघून दुपारी नुआक्शोतला पोचलो ते थेट सुकेनाच्या घरी. ती अंगणात निळीचे हात धूत होती. यस्लमने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती हात धूतच राहिली.

"नक्की तोच?"

"तोच."

"तोंड पाहिलंस?"

"समोर. दोन हातांवर."

"मग?"

"मग काय?"

"मग तू काय केलंस?"

यस्लम म्हणाला, "फ्यूज बदलला."

"म्हणजे वाजवलंस."

"सुकेना, त्या मुलीची काही चूक नव्हती..."

"माझी होती?" तिने हात पुसले. निळा रंग पुरता निघाला नव्हता. "नवऱ्याचं मी बघून घेईन. त्याचा कागद आहे माझ्याकडे. तुझा कुठला कागद आहे?"

आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला चहाचे तीन पेले झाल्याशिवाय कुणी जाऊ देत नाही. तिने पहिल्या पेल्याचंही विचारलं नाही. ती घरात गेली आणि आम्ही फाटकातून बाहेर आलो. यस्लम गाडीत बसला. पण किल्ली कुठे लावायची तेच त्याला सुचेना.

देद्दी तीन आठवड्यांनी आला, अत्तर घेऊन. सुकेनाने तोवर काझीकडे कागद दिला होता. त्याने वडीलधाऱ्यांना पाठवलं, रडला, मुलांना पुढे केलं. ती म्हणाली, अट वाचा. वाचली. ती मोकळी झाली.

त्याच संध्याकाळी तिने मला बोलावून घेतलं. जैनबूकडून सल्काचा नंबर मिळवला होता. फोन मोठ्या आवाजावर ठेवून ती बोलली. आपण कोण ते सांगितलं, झालं ते सांगितलं, शेवटी म्हणाली, "पोरी, तुला दोष द्यायला फोन केला नाही. तुला माहीत असायला हवं म्हणून केला."

सल्काने विचारलं, "तो गिटारवाला तुमचा भाऊ?"

"हो."

"त्याला लग्नाआधी माहीत होतं?"

"नाही. मधे कळलं. फ्यूज गेला तेव्हा."

"मग तो थांबला का नाही?"

सुकेनाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मावशी बोलतेय, सल्का. त्याला वाटलं तुझी लाज जाईल."

"माझी लाज," सल्का म्हणाली. ती ओरडली नाही, शाळेत मुलांना समजावतात तसं सावकाश बोलली. "मावशी, त्या वेळी मी त्याच्या नुसती शेजारी बसले होते. लोक चार दिवस हसले असते आणि मी उठून आत गेले असते. त्यानंतर तीन आठवडे मी त्याच्याबरोबर राहिले. आता कुठे जाऊ उठून?"

सुकेनाने फोन खाली ठेवला.

यस्लमला हे मीच सांगितलं. सांगायला नको होतं असं उम्मू म्हणते. त्या दिवशी रविवार होता आणि तो ॲम्प उघडून बसला होता, हातात ब्रश. माझं ऐकून तो म्हणाला, "मी तिच्यासाठीच..." आणि त्याने ब्रश जमिनीवर ठेवला. तडकलेला व्हॉल्व्ह काढलेला होता, त्या जागी दुसरा त्याने बसवला नाही. ॲम्प तसाच उघडा राहिला. सहा आठवडे लोक लग्नांसाठी फोन करत राहिले आणि उम्मू तो तापाने आजारी आहे म्हणून सांगत राहिली. वारा सुटला, वाळू आत गेली. शेवटी उम्मूने स्वतःचा मलहफा ॲम्पवर पांघरला. ती मला म्हणाली, "दिवसभर भिंतीकडे बघतो. विचारलं तर म्हणतो, कुणाचंही भलं झालं नाही, कुणाचंच कसं नाही?"

सल्काही दोन महिन्यांत देद्दीपासून मोकळी झाली आणि शाळेत परत गेली. देद्दी बेटांवर निघून गेला, मुलांना पैसे पाठवतो म्हणतात.

घटस्फोटानंतर थांबायची सुकेनाची मुदत संपली तेव्हा तिच्या मैत्रिणींनी आमच्या रिवाजाप्रमाणे मोठा मेळावा केला. मोकळ्या झालेल्या बाईचं घर त्या दिवशी लग्नघरासारखं असतं. मेंदी काढली, बकरं कापलं. गिटारवाला तिने दुसरा बोलावला. मलाही बोलावलं, पण तबल घेऊन ये असं म्हटलं नाही. यस्लम न बोलावता आला आणि पुरुषांत एका कडेला बसला. गाणं सुरू झालं तेव्हा त्याने हात मांडीखाली घेतले. जेवणाच्या वेळी सुकेना स्वतः मांसाची थाळी घेऊन पुरुषांत गेली, त्याच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "खा." तो खाऊ लागला. ती तिथे उभी राहिली नाही. आता ती दोघं बोलतात, मुलांबद्दल, कापडाच्या भावाबद्दल. त्या लग्नाबद्दल नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर तो पुन्हा वाजवायला लागला. घर चालवायचं होतंच. पण आता काम घेण्याआधी तो नवऱ्याला भेटायचं म्हणतो. फेटा तोंडावरून काढून भेट, म्हणतो, आणि घरात तुला काय हाक मारतात ते सांग. काही घरांना हा अपमान वाटतो आणि ती लग्नं हातची जातात. मी एकदा विचारलं, समजा पुन्हा मधेच कळलं तर काय करशील? तो म्हणाला, "माहीत नाही, नेब्गूहा. तेव्हाही माहीत नव्हतं."

माझ्याकडे मात्र कुणी काही विचारायला आलं नाही, सुकेना नाही, सल्का नाही. जाब सगळ्यांनी गिटारवाल्याकडे मागितला. त्या दिवशी तंबूत मीही होते, त्याच्या उजव्या हाताला, आणि त्याने वाजव म्हटल्यावर मी वाजवलं होतं.